अण्णांच्या बंदुकीची लाल माशी

अण्णा कुठलीही गोष्ट एकदा बघून सोडत नसत. कुलूप लावलं की तीनदा ओढत. पत्र आलं की फोडण्याआधी उजेडासमोर धरून बघत, आपल्याआधी कुणी उघडलं तर नाही ना. दारात येऊन कुणी नाव सांगितलं तर ते परत एकदा, सावकाश, सांगायला लावत. बोलणं एकूण थोडंच, पण त्यातले दोन शब्द घरात दिवसातून वीसदा ऐकू यायचे: "परत बघ." दिवा मालवलास? परत बघ. मागच्या दाराची कडी लावलीस? परत बघ. आपण खरोखर बघून आलेलो असलो, तरी त्यांच्या तोंडून ते शब्द ऐकले की आपलाच आपल्यावरचा विश्वास उडे.

मागच्या सुट्टीत तुम्ही आला होतात तेव्हा माझ्या शिवणाच्या डब्यात तुम्हाला एक लाल मणी सापडला. खाली पितळेचा बारीक पेच होता. "आजी, हे कुठल्या कानातल्याचं?" असं तुम्ही विचारलंत आणि मी "सांगेन" म्हणून वेळ मारून नेली. ते कानातलं नव्हे. बंदुकीच्या नळीच्या टोकाला एक छोटा मणी असतो. नेम धरताना डोळा, तो मणी आणि सावज एका रेषेत आणायचं असतं. त्या मण्याला माशी म्हणतात. ही माशी अण्णांच्या बंदुकीची. ती लाल का आणि माझ्याकडे का, ते आता क्रमाने लिहिते.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर कानडी मुलखात आले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि उंबऱ्यावर दोन्हींची सरमिसळ. म्हणून काकांना अण्णा आणि काकूंना अक्का. माझे वडील शिमोग्याला नोकरीत होते. पन्नासचं दशक संपत आलं तेव्हा कॉलेजसाठी मी बंगळूरला, अण्णांच्या चामराजपेटेतल्या घरी राहायला आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला ते पुट्टी म्हणत. कानडीत लहान मुलीला तसं म्हणतात. मी सतरा वर्षांची होते आणि इंग्रजी कादंबऱ्या वाचत होते, तरी पुट्टीच.

अण्णा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी खेडोपाडी जाऊन शेतांच्या हद्दी दुर्बिणीतून मोजल्या होत्या. हद्दीचा दगड हळूच हात-दोन हात पलीकडे सरकवायचा आणि साळसूदपणे उभं राहायचं, हा गावोगावचा उद्योग. तो पकडणं हे अण्णांचं काम. ते मला सांगत, "माणसाला विचारू नये. दगड उचलून बघावा. खाली नुसती माती आणि गोम असेल तर दगड जुना. पिवळं पडलेलं गवत असेल तर कुणीतरी नुकता आणून ठेवलाय." निवृत्तीनंतर उचलायला दगड उरले नाहीत, म्हणून त्यांनी घरातल्या वस्तू उचलून बघायला सुरुवात केली.

कॉफीची पूड ते विकत आणू देत नसत, तिच्यात चिकोरी मिसळलेली असते म्हणून. बिया आणायच्या, त्यातली एक दुकानातच चावून बघायची, मग घरी भाजायच्या, दळायच्या. गवळ्याला गाय दारात आणावी लागे. चरवी त्याने आधी उपडी करून दाखवायची, मग अण्णा आत हात घालून बघणार, आणि धार काढताना समोर बसणार. गवळी एकदा वैतागून म्हणाला, "अण्णा, माझं राहू द्या, आता गाईलाच विचारा." अण्णा शांतपणे म्हणाले, "गाईचं पाणी ती पिते तेव्हाच मिसळतं. तिच्यावर माझा आरोप नाही."

त्यांना उत्तर देणारं माणूस घरात एकच, अक्का. "लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर तुमच्या अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि मग भटजींकडे बघितलं, हीच ना ती, अशा नजरेने," असं त्या सगळ्यांसमोर सांगत. अण्णा त्यावर हसतही नसत आणि नाहीही म्हणत नसत.

पण स्वतःच्या डोळ्यांवर अण्णांचा पूर्ण भरवसा होता. टेकडीवरचं झाड कशाचं ते इकडून सांगत. या भरवशावरच त्यांची बंदूक चालायची. दुनळी, त्यांच्या वडिलांच्या वेळची. दर हिवाळ्यात शहराबाहेर येलहंक्याच्या तळ्यावर बदकं उतरली की परवाना आणि बंदूक घेऊन अण्णा जात. असली शिकार आता बंद झाली आहे आणि ते योग्यच झालं, पण तेव्हा रीतसर होती. तळ्याकाठच्या गावातला मुनियप्पा नावाचा कोळी त्यांचा जोडीदार. पंचवीस वर्षं दोघांची रीत ठरलेली: मुनियप्पा कमरेइतक्या पाण्यातून लव्हाळ्यात शिरायचा आणि डावीकडच्या मोडक्या शिंदीच्या खोडाशी उभा राहून टाळ्या वाजवायचा. बदकं उठून उजवीकडे जायची. अण्णा बांधावर बसलेले असायचे. खोडाच्या बाजूला नळी कधी वळवायची नाही, हा नियम. बंदुकीवरही अण्णांचा संशय होताच. ती मधून उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे ते स्वतः बघत, मला बघायला लावत, आणि तरीही तिचं तोंड माणसाकडे होऊ देत नसत. "रिकामी बंदूक असं काही नसतं पुट्टी. आपण रिकामी समजलेली बंदूक असते."

माझ्या दुसऱ्या वर्षीच्या खंडेनवमीची गोष्ट. तिकडे तिला आयुधपूजा म्हणतात. गावातली यच्चयावत यंत्रं, सायकली, मोटारी त्या दिवशी केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा लावून उभ्या असतात. आमच्या घरी बंदूक, अण्णांची मोजणीची साखळी आणि अक्कांची विळी एका पाटावर बसायच्या. अक्कांनी ओलं कुंकू लावून पूजा केली. दुपारी जेवण झाल्यावर अण्णांनी बंदूक नेहमीप्रमाणे उघडून बघितली, खांद्याला लावली, परसातल्या नारळाच्या शेंड्यावर नेम धरला, आणि तसेच राहिले.

"माशी कुणी बदलली?"

आम्ही दोघी धावत गेलो. "कसली माशी?" अक्कांनी विचारलं.

"बंदुकीची. ही आपली नव्हे. कोण आलं होतं घरात?"

त्या दिवशी घरात आलेल्या प्रत्येक माणसाची उजळणी झाली. फुलवाली, गवळी, शेजारच्या घरातून वाटी परत द्यायला आलेली सून. फुलवालीने अण्णांच्या बंदुकीची माशी कशासाठी न्यावी हे काही ठरेना. शेवटी मी नळीच्या टोकाला बोट लावलं. बोट लाल झालं.

"अण्णा, कुंकू आहे."

"अय्यो, स्वल्प कुंकू लागलं तर केवढा तपास," अक्का म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मी पदराने माशी पुसली. खाली तीच जुनी पितळेची होती. अण्णांनी बंदूक परत खांद्याला लावली, एकदा उजवा डोळा मिटला, एकदा डावा, आणि ती खाली ठेवली. मी विचारलं, "अण्णा, पितळेची दिसत होती ना तुम्हाला?"

"तू कॉलेजात इंग्रजी शिकतेस की वकिली?"

त्या उत्तराने माझा संशय पक्का झाला. सरळ प्रश्नाला अण्णा कधी वाकडं उत्तर देत नसत. मग मी त्यांच्याच घरात, त्यांच्याच पद्धतीने, त्यांच्यावर पाळत ठेवली. चार दिवसांत पुरेसं दिसलं. वर्तमानपत्राचे मथळे ते स्वतः वाचत आणि खालचा मजकूर "चष्मा पुसायला हवा" म्हणून मला वाचायला देत. पायऱ्या उतरताना ओठ हलत. ते मोजत होते. कॉफी तांब्यातून पेल्यात ओतताना पेल्याच्या कडेला बोट लावून ठेवत. आणि संध्याकाळी अंगणात बसले असताना चंद्राकडे बघून एकदा हळूच म्हणाले, "दोन असतील असं वाटत नाही."

मला दोन गोष्टी कळल्या होत्या. अण्णांच्या उजव्या डोळ्याला पितळेची माशी दिसत नव्हती, आणि थंडी पडली की ते मुनियप्पाला समोर पाण्यात उभा करून बंदूक चालवणार होते. हे कुणाला सांगावं? अक्कांना सांगितलं तर अण्णांचा माझ्यावरचा विश्वास जाईल, असं मला वाटे. मग लक्षात येई की जाण्याइतका विश्वास त्यांनी अजून ठेवलेलाच नाही. एवढ्या विचारात दिवस गेले आणि मी गप्प राहिले. ही गोष्ट मला आजही आवडत नाही.

अण्णा गप्प नव्हते, त्यांनी आपल्या परीने उपाय सुरू केले होते. दसऱ्याला मुनियप्पाला डोक्याला बांधायचा नवा रुमाल द्यायची आमची रीत होती. नेहमी पांढरा. त्या वर्षीचाही आणून ठेवलेला होता. खंडेनवमीच्या दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, अण्णांनी तो बदलून आणायला मला पाठवलं होतं. "लाल आण. चांगला भडक."

"पंचवीस वर्षं पांढरा चालला, आता काय झालं?" अक्कांनी विचारलं.

"तळ्यात बगळे असतात. पांढरा बगळा आणि पांढरा रुमाल. सावध असावं माणसाने."

अक्कांनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "सरी, बरं. लाल तर लाल."

दिवाळी झाल्यावर अण्णा मला घेऊन कंटोनमेंटमधल्या बंदुकांच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथले म्हातारे कारागीर उस्ताद म्हणून ओळखले जात. अण्णांना ते वीस वर्षं ओळखत होते आणि दर खेपेला अण्णा त्यांच्याकडे पहिल्यांदाच येत असल्यासारखी सगळी चौकशी करत. माशी बदलायची म्हटल्यावर उस्तादांनी हिरव्या कापडावर तीन चिजा मांडल्या. एक हस्तिदंती, वाटाण्याएवढी पांढरी माशी. एक लाल काचेच्या मण्याची. आणि तिसरी वस्तू मी त्याआधी कधी बघितली नव्हती: काळ्या लोखंडी चौकटीत तिरपी बसवलेली काच. युद्धात विमानांच्या बंदुकांना असली काच लावत, ती कल्पना शिकारीच्या बंदुकीसाठी वापरून कुणा परदेशी कारखान्याने बनवलेली. कुणी गोरा साहेब देश सोडताना विकून गेला होता. तिच्यातून बघितलं की समोर हवेत एक लाल ठिपका तरंगताना दिसे.

अण्णांनी ती काच डोळ्यासमोर धरली. "हा ठिपका आहे कुठे?"

"काँच में, साब."

अण्णांनी काचेवर बोट फिरवलं. "इथे तर काही नाही."

"सामने दिखता ना, साब."

अण्णांनी काच बाजूला करून समोरच्या भिंतीकडे बघितलं. "तिथेही नाही. जो कुठेच नाही त्याच्या भरवशावर मी बंदूक चालवू?"

मी पुस्तकातलं परावर्तन समजावून सांगायचा प्रयत्न केला. अण्णांनी ऐकून घेतलं, मग काचेवर एक मोठा उच्छ्वास सोडला. काच धुरकटली. "येलहंक्याला सकाळी धुकं असतं. तिथे ही अशी आंधळी होईल."

त्यांनी आंधळी हा शब्द किती सहज उच्चारला! मी उस्तादांकडे बघितलं, उस्ताद माझ्याकडे बघत होते. मला वाटतं त्यांनाही तेव्हाच संशय आला असावा. ते अदबीने म्हणाले, "साब, मेरे पे शक करते, चलता. काँच पे शक करते, वो भी चलता. आँख का डाक्टर है उधर नुक्कड पे, एक दफा..."

"आँख ठीक है," अण्णा म्हणाले. "पितळ जुनं झालंय."

पितळ जुनं होऊन दिसेनासं होतं हे उस्तादांनी चाळीस वर्षांच्या धंद्यात प्रथमच ऐकलं असेल. दुकानामागच्या अंगणात भिंतीवर माझी काळी छत्री टांगली गेली. बंदूक उघडून तिघांनी नळ्यांतून आरपार बघितलं, तरी अण्णांनी आम्हाला आपल्या पाठीमागे उभं केलं. हस्तिदंती माशी मेणाने टोकाला चिकटवून त्यांनी नेम धरला. "आभाळ पांढरं, धुकं पांढरं, ही पांढरी. नको." मग लाल मणी. अण्णा पुष्कळ वेळ तसेच उभे होते. त्यांचे खांदे सैल पडलेले मला मागून दिसले. वाट चुकलेला माणूस घरी परत आल्यावर सैलावतो तसे. "ही," ते म्हणाले.

"परत बघा ना अण्णा," मी म्हटलं. मला त्यांना थांबवायचं होतं आणि दुसरं काही सुचलं नाही.

ते वळले. मला वाटलं रागावणार. पण त्यांनी खरोखरच परत बघितलं, आणि म्हणाले, "परत बघितलं. हीच." उस्तादांनी जुनी माशी काढली आणि लाल माशी पेच पिळून बसवली. पेच पुरेसा पिळला आहे की नाही हे अण्णांनी अर्थातच स्वतः पिळून बघितलं.

शिकारीच्या आदल्या दिवशी अक्कांनी अचानक मला सांगितलं, "तू जा त्यांच्याबरोबर." मी चकित झाले. मुलीने चिखलात, लव्हाळ्यात जाणं त्यांना पसंत नसे. "थंडी आहे, थर्मासमधून कॉफी ने. आणि त्यांच्या उजव्या हाताला बस." उजव्याच का, असं मी विचारलं. "डाव्या बाजूला वारा असतो," अक्का म्हणाल्या. येलहंक्याचा वारा चामराजपेटेतल्या स्वयंपाकघरात बसून त्यांना कसा कळला, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

पहाटेच्या पहिल्या बसने आम्ही गेलो. तळ्यावर धुकं होतं, पण विरळ. मुनियप्पा नवा लाल रुमाल बांधून ऐटीत उभा. "स्वामी, गावात सगळे मला नवरदेव म्हणतात," तो कानडीत म्हणाला. अण्णा म्हणाले, "मला तू लांबून दिसायला हवास." मग तो पाण्यात शिरला. मी अण्णांच्या उजव्या हाताला बसले. बंदूक भरण्याआधी उघडून बघणं झालं, मला दाखवणं झालं, दोन काडतुसं आत गेली.

आता पुढचं नीट लक्षात घ्या. त्या दिवशी बदकं नेहमीच्या जागी उतरली नव्हती, ती उजवीकडे पार टोकाला होती. मुनियप्पाने ते बघितलं आणि खोड सोडून, पाण्यात वाकून, त्यांच्या मागे जाण्यासाठी तोही उजवीकडे सरकला. पंचवीस वर्षांत त्याने हे कधी केलं नव्हतं. लव्हाळ्यात फक्त त्याचं डोकं वर होतं. अण्णांना तो सरकलेला दिसला नाही. मला दिसायला हवा होता. पण मी बदकांकडे बघत होते. पाण्यावर ती इतकी शांत बसली होती की मी कशासाठी आले आहे तेच विसरून गेले.

टाळी वाजली. बदकं पाणी उडवत उठली आणि अगदी पाण्यालगत निघाली. अण्णांनी बंदूक खांद्याला लावून उजवीकडे वळवली. चापावर बोट गेलेलं मी बघितलं. बार झाला नाही.

"पुट्टी," अण्णा हलक्या आवाजात म्हणाले, "मला दोन माश्या दिसतात."

"काय?"

"नळी हलवली की एक हलते. दुसरी जागच्या जागी आहे. माझ्या डोळ्याने दोन केल्या असत्या तर दोन्ही हलल्या असत्या." त्यांचा आवाज मोजणीच्या वहीत आकडे सांगावेत तसा होता. "ती दुसरी काय आहे? मला सांगता येत नाही. तू बघ."

मी नळीच्या रेषेत बघितलं. लव्हाळ्यात, पन्नास पावलांवर, एक लाल ठिपका होता. त्याच्याखाली तोंड होतं.

"अण्णा, मुनियप्पा."

ते हलले नाहीत. मग बोट चापावरून काढलं, नळ्यांचं तोंड जमिनीकडे केलं, बंदूक उघडली, दोन्ही काडतुसं काढून माझ्या तळहातावर ठेवली. "परत बघ," ते म्हणाले. मी नळ्यांतून बघितलं. "रिकाम्या आहेत, अण्णा." तरी त्यांनी बंदूक मिटली नाही. ती तशीच उघडी मांडीवर घेऊन बसून राहिले. बदकं हेब्बाळच्या दिशेने दिसेनाशी झाली.

मुनियप्पा पाणी निथळत आला. "काय स्वामी, इतकी चांगली उठवून दिली, एक बार नाही?"

"तुला मारणार होतो."

मुनियप्पा हसला. "तुम्ही? तुमची नजर? उगीच काहीतरी."

"हसू नकोस. डोळा गेलाय माझा. तू कुठे उभा आहेस ते मला दिसलं नाही. रुमाल मीच लाल दिला, माशी मीच लाल लावली. दोन्हीही सावधपणा म्हणून." मुनियप्पाला ते पटेना. "पंचवीस वर्षांत एक छर्रा इकडचा तिकडे नाही," तो मलाच समजावू लागला. तेव्हा अण्णा जवळजवळ ओरडले, "अरे, माझ्यावर संशय घ्यायला शीक!"

आयुष्यभर दुसऱ्यांना दिलेला हा धडा त्यांनी स्वतःला लावलेला मी पहिल्यांदाच ऐकला. थर्मासमधली कॉफी आम्ही तिघांनी प्यायली. ती पिताना मुनियप्पाने डोक्यावरचा लाल रुमाल सोडून बांधावर ठेवला. त्याला सगळं उशिरा समजलं होतं.

घरी आल्यावर अण्णा बैठकीत जाऊन बसले. मी स्वयंपाकघरात अक्कांना सगळं सांगितलं, खंडेनवमीपासूनचं, माझ्या गप्प राहण्यासकट. त्या भाजी चिरत होत्या. विळी थांबली नाही.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "कुंकू दरवर्षी बंदुकीच्या लाकडी दस्त्याला लावते. यंदा माशीला लावलं."

"मुद्दाम?"

"त्यांच्या बुटाचे बंद चुकीच्या भोकांत जात होते महिनाभर. म्हटलं बघू, दिसतं का. दिसलं असतं नेहमीचं, तर कुंकू बघून ओरडले असते की माशी का माखलीस. त्यांना वाटलं नवी बसवली." विळी आता थांबली. "मी सांगितलं असतं तर पटलं असतं? परत बघ म्हणाले असते. डोळ्यावर जगलेल्या माणसाला डोळा गेला हे बायकोने सांगून कळत नाही. पण चुकलंच माझं. त्या मुनियप्पाच्या बायकोचं तोंड येतं डोळ्यासमोर." मग म्हणाल्या, "म्हणून तुला बसवलं उजव्या हाताला."

"मी बदकं बघत होते, अक्का."

"ते मला सांगितलंस, आणखी कुणाला सांगू नकोस." त्यांनी भाजी कढईत टाकली. त्यांना शब्द दिला होता म्हणून इतकी वर्षं पाळला. आता तुम्हाला सांगते आहे.

पुढच्या महिन्यात अण्णांच्या उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी बोटं समोर धरली आणि विचारलं, "किती?" अण्णा म्हणाले, "आधी तुम्ही मोजून ठेवा, मग मी सांगतो." जाड भिंगांचा चष्मा लागला. त्यातून दिसू लागलं, बऱ्यापैकी. झाड कशाचं ते पुन्हा सांगू लागले. बंदूक मात्र त्यांनी उस्तादांकडे कायमची देऊन टाकली. "आता तर नजर आली की," असं शेजारी म्हणत. अण्णा म्हणत, "तेव्हाही आहे असंच वाटत होतं." मुनियप्पा दसऱ्याला येत राहिला. त्याला पुन्हा पांढरा रुमाल मिळू लागला. तो बंदुकीबद्दल विचारायचा नाही, अण्णा बदकांबद्दल विचारायचे, आणि दोघं कट्ट्यावर बराच वेळ बसायचे.

साठ साल उलटून गेल्यावर माझं लग्न झालं. तुमच्या आजोबांची नोकरी नागपूरला. अण्णा आणि अक्का स्टेशनवर आले. अण्णांनी आधी तिकिटावरचा डब्याचा क्रमांक बघितला, मग डब्यावरचा, मग परत तिकिटावरचा. ट्रंकेचं कुलूप तीनदा ओढलं. तुमच्या आजोबांना नाव विचारलं नाही एवढंच. गाडीने शिट्टी दिली तेव्हा त्यांनी खिडकीतून एक काडेपेटी माझ्या हातात ठेवली.

"उघडून बघ."

"बघते नंतर, अण्णा. तुम्ही बघूनच दिली असेल ना?"

"असं चालणार नाही. मी दिली म्हणून तर आधी बघायचं. एकदा चुकलेला माणूस आहे मी."

मी उघडली. कापसात लाल माशी होती. बंदूक देताना त्यांनी उस्तादांकडून ती काढून घेतली होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"काय आहे?"

"माशी. लाल."

"परत बघ."

मी परत बघितलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे या खेपेस दोन दिसल्या, आणि हात हलला तशा दोन्ही हलल्या. गाडी सुटली होती. मान वर केली तेव्हा अण्णा मागे पडले होते. अक्का पदर हलवत होत्या. अण्णा हात हलवत नव्हते. डावा डोळा तळहाताने झाकून, जाड भिंगातून, ते मला परत बघत होते.